लाजेची षष्ठी

३ फेब्रुवारी

आज बाबांना ओळख दाखवली नाही.

लिहून टाकलं एकदाचं. आता बाकीचं लिहायला हरकत नाही.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंबरोबर फाटकाबाहेर पडले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आनंदमेळ्याचं बोलत होतो, कुठल्या वर्गाने कुठला खेळ मांडायचा वगैरे. कोपऱ्यावर गर्दी दिसली आणि गर्दीच्या आतून आवाज आला — "या ताई, या काका! बोट जाईल पण गाजर नाही जाणार — अरेच्चा, चुकलो — गाजर जाईल पण बोट नाही जाणार!" हा विनोद मी जन्मल्यापासून ऐकते आहे. चूक दर वेळी त्याच जागी होते.

बाबा किसण्या विकतात. घडीचं टेबल, त्यावर प्लास्टिक, त्यावर गाजरं, मुळे, बटाटे. डोक्यावर नारिंगी टोपी. गळ्यात मुळ्याची माळ, एकाच मुळ्याची, कुठेही न तुटता कापलेली. ती त्यांची जाहिरात! माझ्या जन्माच्या आधीपासून ते असे रस्त्यावर उभे राहून ओरडतात. आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं त्याच्यावर झाली. मला लॅटिन येतं ते मुळ्या-गाजरांच्या जिवावर.

मोठ्या बाई थांबल्या. हसल्या. गर्दीत पुढे सरकल्या. मला मागे राहता येईना. बाबांनी मान वर केली आणि मला पाहिलं. हातातलं गाजर जरासं थांबलं. मी काय करावं? पर्सची चेन उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "या बाई, तुम्हीपण पुढे या. शिकवणाऱ्या दिसता! शिकवणाऱ्यांनी बोटं जपावीत, खडू धरायचा असतो!" लोक हसले. मीसुद्धा हसले. अनोळखी माणसाच्या विनोदाला हसतात ना, तेवढंच.

मोठ्या बाईंनी किसणी घेतली. मला म्हणाल्या, "तुम्ही नाही घेत?"

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं.

आहे! माझ्या पलंगाखाली खोकीच्या खोकी आहेत.

४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी बाबा नेहमीसारखे घरी आले. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. टेबल दाराआड उभं केलं, बूट काढले, पाती पुसायला बसले. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. आता म्हणतील, मग म्हणतील.

म्हणाले, "आमच्या चौकात रस्ता खणलाय. म्हणून आज शाळेपाशी उभा राहिलो. बरा झाला धंदा."

"हो का," मी म्हटलं.

"एक बाई फार चौकस होत्या. पातं बोटाने तपासून घेतलं."

"हो का."

मी तिथे नव्हतेच असं समजून ते मला सांगत होते, आणि मी तिथे नव्हतेच असं समजून ऐकत होते. दोनदा ‘हो का’! रागावले असते तर किती सोपं झालं असतं. त्यांनी उलट विचारलं, आमटीत मीठ बरोबर झालंय का. झालं होतं. घास उतरत नव्हता तो वेगळ्या कारणाने.

५ फेब्रुवारी

आज शाळेच्या कोपऱ्यावर नव्हते. मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

८ फेब्रुवारी

आज दहावीला लॅटिनचं नवं क्रियापद. ‘पुदेत’ — लाज वाटते. वर्गाने बघता बघता त्याचा पुदिना केला. "बाई, पुदिना चालवून दाखवा!" चालवून काय दाखवणार, हे क्रियापद चालतच नाही! बाकीची कशी मी-तू-तो करत धावतात. हे आपलं एका जागी बसून. मी लाजते, तू लाजतोस असं म्हणायची सोयच नाही. ‘मे पुदेत’. मला काहीतरी लाजवतं. कोण लाजवतं? कोणी नाही. आपल्या ‘मला लाज वाटते’मध्ये निदान लाज तरी कर्ता असते. इथे तीही नाही. वाक्याला कर्ता नाही, आणि ज्याला लाज वाटते तो बिचारा कर्म.

मी अगदी रंगून शिकवलं. कर्ता नाही! म्हणजे कोणी काही केलंच नाही! हे फळ्यावर लिहिताना मला किती बरं वाटत होतं ते मुलांना काय कळणार.

मग शेपटीने हात वर केला. लांब वेणीमुळे वर्ग तिला शेपटी म्हणतो. मीही म्हणते, तिला चालतं. ज्याची लाज वाटते त्याला षष्ठी लावायची, म्हणजे आपला ‘चा-ची-चे’, एवढं तिला पटलं होतं. "पण बाई, ‘मे तुई पुदेत’, मला तुझी लाज वाटते, म्हणजे कशी? तू असा वागतोस म्हणून लाज, की तुझ्यासमोर यायचीच लाज?"

पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, दोन्ही. लॅटिनमध्ये दोन्हींना एकच षष्ठी. आणि हसू नका, आपणही तेच करतो. ‘मला त्या पोराची लाज वाटते’ म्हणजे त्याने नाव घालवलं. पण ‘लहानपणी मला मामाची लाज वाटायची’ म्हणजे मामा आला की मी दाराआड. शब्द तेच, ‘ची’ तीच.

"मग ओळखायचं कसं?"

"मागचं-पुढचं वाचून."

"आणि मागचं-पुढचं नसेल तर?"

घंटा झाली. घंटेचे उपकार.

९ फेब्रुवारी

मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

षष्ठीची उदाहरणं घालत होते. मित्राची लाज, भावाची लाज, शहराची लाज. आणि खडू पुढे गेला — ‘मे पात्रिस पुदेत’. मुलांना ‘पात्रिस’ हे रूप हमखास चुकतं, सराव व्हावा म्हणून दिलं. असं मी स्वतःला सांगितलं. फळ्याकडे तोंड करूनच म्हटलं, "सगळे मिळून, अर्थ."

वर्ग ओरडला, "मला वडिलांची लाज वाटते!"

‘वाटते’ मात्र नीट आलंच नाही. अर्ध्यात विरलं. मी वळले. दारात मोठ्या बाई आणि त्यांच्या शेजारी बाबा.

धुतलेला शर्ट. टोपी हातात. गळ्यात मुळा नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "आनंदमेळ्यात यांना बोलावलंय. असला गमत्या माणूस हवाच! म्हटलं, आधी शाळा दाखवावी." मग बाबांना म्हणाल्या, "या आमच्या लॅटिनच्या बाई." आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. वाक्य माझं असल्यासारख्या.

मी खडू डब्यात ठेवला.

"नमस्कार, बाई," बाबा म्हणाले.

"नमस्कार."

माझा वर्ग कधी गप्प बसत नाही. आज टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मनात आलं, मोठ्या बाईंसमोर वर्गाची अब्रू राखली पोरांनी! हे मनात आलं माझ्या! बाप दारात उभा, आणि मी शिस्तीचं कौतुक करते आहे.

बाबांनी फळ्याकडे पाहिलं. लॅटिन त्यांना वाचता येत नाही. पण अर्थ तर वर्गाने केवढ्याने सांगितला होता.

१० फेब्रुवारी

सारवासारव केली. करायला नको होती.

बाबा बटाटे सोलत होते. मी म्हटलं, "बाबा, काल वर्गात ते वाक्य —"

"कुठलं?"

"मुलं म्हणत होती ते. त्याचे दोन अर्थ होतात. वडिलांची लाज म्हणजे वडिलांमुळे असंच नाही. वडिलांसमोर. म्हणजे जरा धाक, आदर. मला तो अर्थ अपेक्षित होता."

"हां. तोच असणार. पुस्तकातलं वाक्य ना?"

"हो. पुस्तकातलं."

पुस्तकात नाही! पुस्तकात शहराची लाज आहे. वडील माझे.

"मुलं एका सुरात म्हणतात हं," बाबा म्हणाले. "छान तयार केलीयस." आणि सोललेला बटाटा माझ्यापुढे ठेवला.

आयुष्यभर षष्ठी शिकवली, आणि कामाला कशी आणली तर तोंड लपवायला. खरं काय ते निदान इथे लिहावं. खडू हातात होता तेव्हा कुठला अर्थ होता? पहिला. कोपऱ्यावर पर्सची चेन उघडत होते तेव्हाही पहिलाच. दुसरा आत्ता आहे. बाबा खोलीत आले की मी हल्ली उगाच कपाट आवरायला लागते.

१३ फेब्रुवारी

ताईचा फोन. बाबांनी तिला विचारलंय, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का. मला काही बोलले नाहीत.

"भांडलात का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग काय झालं? तुझं घर सोडून ते कुठे राहायला तयार नसतात. माझ्याकडे दोन दिवसांत त्यांना करमेनासं होतं!"

मी सगळं सांगितलं. कोपरा, पर्स, फळा. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छोटे, तू शाळेत नोकरीला लागलीस ना, त्या दिवसापासून त्यांनी तो रस्ता सोडला. शाळा सुटताना तिथे केवढी गर्दी असते, सोन्यासारखी जागा. मी म्हटलंसुद्धा, उभे राहा ना तिथे. म्हणाले, नको, पोरीला अवघडल्यासारखं होईल."

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. मला वाटायचं, माझ्या मनातलं माझ्या मनात आहे.

"आणि तू," ताई म्हणाली, "इतक्या वर्षांत एकदा तरी त्यांच्या चौकात उभी राहून ऐकलंयस त्यांचं? काय काय बोलतात ते?"

नाही ऐकलं. भाजीसुद्धा मी पलीकडच्या गल्लीतून आणते. लांब पडतं, तरी.

१४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सांगायचंच असं ठरवून त्यांच्या खोलीत गेले. "काय हो?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "खडू संपलेत."

त्यांनी दिले. डबाभर दिले! वर म्हणाल्या, "आणखी काही?" मी नाही म्हटलं आणि डबा घेऊन शेपूट घालून बाहेर आले.

१६ फेब्रुवारी

बाबांची पिशवी पलंगापाशी भरून ठेवलेली दिसली. आनंदमेळा झाला की दुसऱ्या दिवशी निघणार म्हणे. "ताईची पोरं आठवण काढतायत." ताईची पोरं वसतिगृहात आहेत.

मला त्यांना जाऊ द्यायचं नाही. हे तोंडाने बोलायला काय लागतं? ‘जाऊ नका.’ एवढंच. पण ते बोलायचं तर आधी दुसरं बोलावं लागेल. ते गळ्यात अडकलंय, त्याच्यामागे हेही अडकलंय.

एक ठरवलं. मेळ्यात सगळ्यांसमोर सांगणार. मोठ्या बाई, शिक्षक, मुलं, त्यांचे आईबाप, सगळ्यांसमोर. जिथे ओळख दाखवली नाही तिथेच दाखवायची. मग बाबा जाणार नाहीत.

१८ फेब्रुवारी

सांगितलं.

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर कळायचं नाही काय झालं.

पटांगणात गर्दी होती. बाबांना मधोमध टेबल दिलं होतं, वर माइक. माइकची त्यांना गरज काय! टोपी, मुळ्याची माळ, सगळा थाट. पोरं खाली मांडी घालून बसलेली, पालक मागे उभे. बाबा गाजर धरायला कुणाला तरी नेहमी पुढे बोलावतात. जो सगळ्यांत घाबरट दिसेल त्याला. "कोण येतंय?" म्हणाले, आणि माझी दहावी ओरडायला लागली — "बाई! बाई! लॅटिनच्या बाई!"

बाबांनी हाताने नको-नको केलं. पोरं ऐकेनात. मी गेले.

त्यांनी माझ्या हातात गाजर दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. "घाबरू नका बाई," म्हणाले. "आजवर कुणाचं बोट गेलेलं नाही. बाईंचं नाव काय?"

मी माइक ओढून घेतला. म्हटलं, "हे माझे वडील आहेत."

आवाज चिरकला. माइकने शीळ घातली. पटांगण गप्प. हसायला किंवा चकित व्हायला माणसं जेवढी थांबतात त्याहून जास्त गप्प. सगळे बाबांकडे बघत होते. माझ्याकडे नाही, बाबांकडे. मोठ्या बाईंनी तर तोंडावर हात धरला होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काय होतं ते नाही सांगता येत. मग टोपी सारखी केली, गर्दीकडे वळले आणि म्हणाले, "बघा! बघा किसणीची करामत! अजून हातात घेतली नाही तर बाईंनी नातं लावलं! उद्या घरी नेतील तर वाटणी मागतील!"

एकच हशा. शिट्ट्या, टाळ्या. मीही हसत होते, गाजर धरून. बाबांनी सबंध गाजर किसलं माझ्या हातातून. बोटाला धक्का लागला नाही.

माझ्या बापाने मला ओळख दाखवली नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी स्टँडवर पोचवायला गेले. बाकावर दोघं बसलो, मध्ये पिशवी. मी विचारलं, "असं का केलंत?"

"काय केलं?"

"बाबा!"

ते पिशवीचा बंद सरळ करत राहिले. मग म्हणाले, "तू रडणार होतीस. एवढ्या लोकांत रडली असतीस तर उद्या वर्गात गेली असतीस का? लोकांना हसवलं की त्यांची नजर दुसरीकडे जाते. आमचा धंदाच आहे तो."

"मला सांगायचं होतं ते."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांचं काय होतं त्यात पोरी? मला सांगायचंस ना. मी घरीच होतो."

गाडी आली. मी पिशवी वर दिली. खिडकीशी उभी राहिले. आता तरी म्हणावं! आठवडाभर घोकलेलं, ऐन वेळी एक अक्षर येईना. म्हटलं काय, तर "पोचल्यावर फोन करा." खिडकीतून ते म्हणाले, "पलंगाखालची खोकी ओल धरतील, अधूनमधून उन्हात ठेव."

‘परत कधी येणार’ हेही विचारायचं राहिलं.

२१ फेब्रुवारी

फोन आज आला. परवाच पोचले. ताईच्या चौकात कुणी किसणीवाला नाही म्हणे, उद्यापासून उभे राहणार आहेत. म्हणजे लवकर येत नाहीत.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं. शेवटी म्हटलं! पण तिकडे कुणीतरी मोठ्याने दार आपटलं आणि बाबांनी विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "खोकी उन्हात ठेवली."

मी माणूस आहे का कोण आहे!

२३ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत शेपटी आली. वह्या ठेवल्या, पण जाईना. "बाई, आजोबा गेले का हो कुठे? आई काल चौकात गेली होती, दिसले नाहीत."

"कोण आजोबा?"

"तुमचे बाबा."

मी खुर्चीत बसले. तिने सांगितलं ते असं. तिच्या घरी तीन किसण्या आहेत. ती लहान असल्यापासून आईबरोबर त्या चौकात जाते. बाबा दर गिऱ्हाइकाला सांगतात — "माझी पोरगी अशी भाषा शिकवते, जिच्यात आता कुणी भांडतसुद्धा नाही!" सगळ्यांना पाठ आहे. वर्गात सगळ्यांना माहीत आहे. शिक्षकांना माहीत आहे.

"मोठ्या बाईंना?"

"त्या तर कधीपासून तिथूनच भाजी घेतात."

म्हणजे त्या दिवशी वर्गाने ते वाक्य म्हटलं तेव्हा, आणि शेवटचा शब्द विरला तेव्हा... आणि बाबांनाही ठाऊक की पोरांना ठाऊक आहे.

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"आजोबांनीच सांगून ठेवलंय सगळ्यांना. आम्हाला माहीत आहे हे बाईंना कळू द्यायचं नाही म्हणाले, तिला माझी लाज वाटते."

"म्हणाले कसं? रागाने?"

शेपटीला माझा प्रश्नच कळला नाही.

"नाही हो बाई. कौतुकाने."